रोग्याच्या उशाशीं

साथीच्या रोगांवर लिहिलेल्या ग्रंथांचें नशीब मोठें चमत्कारिक असतें. देशांत स्वस्थता असली म्हणजे ते कपाटांत धूळ खात पडतात, आणि साथ आली म्हणजे ज्यांनीं जन्मांत त्यांचें नांव ऐकलेलें नसतें तेहि ते मागावयास येतात. इ. स. २०२० च्या मार्च-एप्रिलांत असेंच झालें. आल्बेर कामूची १९४७ सालीं प्रसिद्ध झालेली 'प्लेग' ही फ्रेंच कादंबरी युरोपांत एकाएकीं भराभर खपूं लागली. डॅनियल डीफोचें तीनशें वर्षांचें जुनें पुस्तक लोकांनीं धुंडाळून काढलें. आणि थ्यूसिडिडीज, बोकाच्चिओ हीं नांवें अशा वृत्तपत्रकारांच्याहि लेखणींतून उतरूं लागलीं कीं, ज्यांचा ह्या ग्रंथकारांशीं परिचय बहुधा त्याच आठवड्यांतला असावा. तें असो. कारण कोणतेंहि असलें तरी चांगलें पुस्तक वाचलें गेलें, ही तक्रारीची गोष्ट नव्हे.

ह्या नव्या वाचनाचा एक परिणाम मात्र टीकाकारानें लक्षांत घेण्याजोगा आहे. 'प्लेग' कादंबरीचा अर्थ लावतांना आजवर सारा भर रूपकावर असे. ओरान शहरांत शिरलेला रोग म्हणजे नाझी सैन्यानें फ्रान्सच्या मानेवर ठेवलेलें जूं, आणि त्याच्याशीं झगडणारा डॉक्टर रियू व त्याचे सोबती म्हणजे त्या जुलमाचा प्रतिकार करणारे देशभक्त, हा अर्थ खुद्द कामूनेंहि १९५५ सालीं एका टीकाकारास लिहिलेल्या पत्रांत मान्य केलेला आहे. तेव्हां तो खोटा कोण म्हणेल? परंतु ज्यांनीं २०२० व २०२१ हीं दोन सालें उघड्या डोळ्यांनीं काढलीं आहेत, त्यांस हें रूपक आतां पातळ वाटूं लागलें आहे. त्यांस पुस्तकांतील ताप हा ताप वाटतो, दार हें दार वाटतें, आणि दारावरून परत फिरविलेला बाप हा बापच वाटतो. पूर्वीं आमच्या वर्गांत ही कादंबरी निघाली म्हणजे विद्यार्थी पादरी पानलू ह्याच्या दोन प्रवचनांवर हमरीतुमरीनें वाद घालीत. ईश्वर न्यायी आहे कीं नाहीं, ह्या प्रश्नानें तरुण मन फार लवकर पेट घेतें. अलीकडे मात्र मुलें निराळ्याच पानावर थांबतात. तें पान कोणतें, हें पुढें ओघानें येईलच.

आमचें म्हणणें असें आहे कीं, साथीचें वाङ्मय हें मुख्यत्वें मृत्यूचें वाङ्मय नव्हे. मृत्यु साऱ्याच वाङ्मयांत आहे. साथीच्या ग्रंथांचा विशेष हा कीं, मरणाऱ्याच्या उशाशीं कोण बसलें आहे, हा एरवीं विचारावाहि न लागणारा प्रश्न तेथें प्रश्न म्हणून उभा राहतो. आपल्याकडे एखाद्याची परम दुर्दशा सांगावयाची झाली तर 'त्याच्या तोंडांत पाणी घालावयास कोणी उरलें नाहीं' असें म्हणतात. त्या पळीभर पाण्यानें प्राण वांचत नाहीं, हें म्हणणारासहि ठाऊक असतें. तरीहि औषध देणारा कोणी उरला नाहीं, असें भाषेनें म्हटलेलें नाहीं. आदिकवीनें दशरथाच्या दुःखाचा कळस कसा दाखविला आहे पाहा. चार पुत्रांचा बाप, पण प्राण गेला तेव्हां चौघांतला एकहि जवळ नाहीं. राम-लक्ष्मण वनांत, भरत-शत्रुघ्न आजोळीं. आणि भरत येईपर्यंत राजाचा देह तेलाच्या द्रोणींत राखून ठेवावा लागला. श्रावणाच्या आंधळ्या आईबापांचा शाप फळला तो ह्या रीतीनें.

थ्यूसिडिडीजनें ख्रिस्तपूर्व ४३० सालच्या अथेन्समधील साथीचें जें वर्णन केलें आहे, त्यांत हा प्रश्न पहिल्यानेंच आणि कायमच्या नेटकेपणानें मांडला गेला आहे. तो स्वतः त्या रोगांतून उठलेला होता, म्हणून त्याच्या लिहिण्यांत भीतीची चव आहे पण कांगावा नाहीं. तो म्हणतो कीं, जे भीतीनें दुसऱ्याकडे गेले नाहींत त्यांचीं माणसें एकटीं मेलीं आणि शुश्रूषेवांचून घरेंच्या घरें ओस पडलीं. आणि जे गेले ते स्वतः मेले. त्यांतहि विशेषेंकरून भले लोक मेले, कारण मित्राच्या आजारांत घरीं बसून राहण्याची त्यांस लाज वाटे. वैद्याचा पक्ष आणि आप्ताचा पक्ष, दोन्ही येथें अवघ्या दोन वाक्यांत आले. पुढच्या अडीच हजार वर्षांत त्यांत फारशी भर पडलेली नाहीं. पण थ्यूसिडिडीज एवढ्यावर थांबत नाहीं. एकदां उठलेल्यास तो रोग पुन्हां प्राणावर बेतेल असा होत नसे, म्हणून रोग्यांविषयीं सर्वांत अधिक कणव ह्या बऱ्या झालेल्या लोकांसच होती, असेंहि तो नोंदवून ठेवतो. दोन पक्षांच्या मधून जाणारी ही तिसरी वाट आहे. ती वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण तिचें काम पुढें पडणार आहे. बोकाच्चिओची गोष्ट निराळी. १३४८ च्या फ्लॉरेन्समध्यें भाऊ भावास टाकून गेला, फार काय, आईबापांनीं लेंकरांकडे पाठ फिरविली, असें तो सांगतो. पण तें सारें भयाचें चित्र आहे. भित्र्याला दोष दिला म्हणजे तो प्रश्न तेथेंच संपतो. आणि बोकाच्चिओहि तो संपवून बागेंतल्या गोष्टींकडे वळतो.

डीफोच्या 'प्लेगच्या वर्षाची रोजनिशी' ह्या पुस्तकांत (१७२२) एक नवें पात्र रंगभूमीवर येतें. तें म्हणजे कायदा. वर्णन १६६५ सालच्या लंडनचें आहे. त्या वेळीं डीफो पांचएक वर्षांचा असेल. तेव्हां ही रोजनिशी काल्पनिक खरी, परंतु सरकारी हुकूम आणि दर आठवड्यास निघणारे मृतांचे तक्ते यांच्या आधारानें इतकी बेमालूम रचलेली कीं कित्येक दिवस लोक ती खरीच मानीत. ज्या घरांत रोगी निघेल तें घर सगळ्या कुटुंबासकट बंद करावयाचें, दारावर तांबडी फुली काढावयाची, आणि बाहेर रात्रंदिवस पहारेकरी बसवावयाचा, असा त्या काळचा हुकूम होता. म्हणजे लंडनच्या अधिकाऱ्यांनीं रोग्यास आप्तांपासून तोडलें नाहीं. रोग्याबरोबर आप्तांसहि कोंडलें. कथा सांगणारा खोगिरांचा व्यापारी ह्या हुकुमावर पुनःपुन्हां येतो. तो आवश्यक होता म्हणतो, क्रूर होता म्हणतो, निरुपयोगी होता म्हणतो. पुष्कळ टीकाकारांस ही पुनरुक्ति रचनेंतील दोष वाटते. आम्हांस ती पुस्तकाचा प्राण वाटते. ज्या प्रश्नाचा निकाल मनाला लावतां येत नाहीं, त्याच्याभोंवतीं मन असेंच घिरट्या घालतें.

आणि ह्याच पुस्तकांत थेम्सच्या कांठचा तो नावाडी आहे. कथा सांगणारास तो एका निर्जन ठिकाणीं भेटतो. समोरच्या घरांत त्याची बायको व दोन मुलें आहेत. बायको आणि एक मूल रोगानें पडलेलीं. आणि हा मात्र बाहेर, नदीच्या कांठीं फेऱ्या घालीत उभा. व्यापारी त्यास टाकून बोलतो, कीं पोटच्या पोरांस असें सोडवतें तरी कसें ? त्यावर नावाडी डोळ्यांत पाणी आणून सांगतो कीं, मीं त्यांस सोडलेलें नाहीं, त्यांच्यासाठींच तर राबतों आहें. नदींत नांगरून पडलेल्या गलबतांवर तो जिन्नस पोंचवितो, रात्रीं नावेंतच निजतो, आणि मिळकत व शिधा आणून घरापासून कांहीं अंतरावर असलेल्या एका रुंद दगडावर ठेवतो. मग हांक मारून मागें सरतो. बायको लहान मुलाला घेऊन येते व तें उचलून नेते. लांबूनच दोघें एकमेकांची विचारपूस करतात. एवढाच प्रसंग. परंतु टाकून जाणें आणि दूर राहणें ह्यांतला भेद बोकाच्चिओस जो दिसला नाहीं, तो डीफोनें ह्या एका दगडावर आणून ठेवला आहे. नावाडी लांब उभा आहे, पण तो तेथें *आहे*. त्याची हांक ऐकूं जाते. त्याच्या हातची भाकर दगडावरून घरांत जाते. आणि लांब उभें राहण्याचें त्यानें स्वतः ठरविलें आहे. ह्या तीन गोष्टींपैकीं एक जरी काढून घेतली तरी प्रसंगाचा अर्थ पालटेल.

मांझोनीच्या 'वाग्दत्त वधूवर' ह्या कादंबरीविषयीं (१८२७) येथें एवढेंच सांगतों, कारण ती एका प्रसंगासाठीं वाचावयाची नसून सबंध वाचावयाची आहे. १६३० च्या प्लेगांत मिलान शहरांत एक आई आपल्या मेलेल्या मुलीला, सेसिलियाला, पांढरीं वस्त्रें घालून, केंस विंचरून, उत्सवाला निघाल्याप्रमाणें सजवून दारांत घेऊन येते. प्रेतें गोळा करणारा माणूस हात पुढें करतो; ती त्यास थांबविते, हातावर नाणें ठेवते, मुलीला गाडींत स्वतःच्या हातानें निजविते, आणि संध्याकाळीं आम्हांसहि न्यावयास ये असें सांगून दुसऱ्या आजारी मुलीपाशीं घरांत परत जाते. तो निगरगट्ट माणूसहि तिच्यापुढें नमतो. ही कथा लाँबार्डीची. त्याच लाँबार्डींतल्या बेर्गामो शहरांतून २०२० च्या मार्चच्या १८ तारखेच्या रात्रीं लष्करी मोटारींची रांग शवपेट्या घेऊन निघाली, कारण गांवच्या दहनगृहाची शक्ति संपली होती. इटलींत मांझोनी प्रत्येक मुलाला शाळेंत वाचावा लागतो. तीं चित्रें पाहणाऱ्यांपैकीं कितीकांस सेसिलियाची आई आठवली असेल ! तिच्या गाडीशेजारीं ती उभी तरी होती. ह्या मोटारींबरोबर घरचें कोणी नव्हतें.

आतां कामू. न्यायाधीश ओथोन हें ह्या कादंबरींतलें एक रुक्ष, शिष्ट आणि वाचकास प्रथमदर्शनीं मुळींच न आवडणारें पात्र आहे. बायकोमुलांशीं तो घरांतहि कोर्टांतल्यासारखा वागतो. त्याच्या लहान मुलास प्लेगची गाठ येते. नियमाप्रमाणें मूल एका शाळेंत उघडलेल्या इस्पितळांत जातें, आई व मुलगी एका विलगीकरणाच्या हॉटेलांत, आणि तेथें जागा उरली नसल्यानें बाप गांवच्या क्रीडांगणावरील तंबूंत. ओथोन विरोध करीत नाहीं. नियम सर्वांस एक आहे व तो पाळला पाहिजे, असें तोच म्हणतो. तो कायद्याचा माणूस आहे. मग मुलाचा मृत्यु येतो. नवी लस टोचून पाहिलेली असल्यानें तो लवकर येत नाहीं. त्या खाटेभोंवतीं डॉक्टर रियू आहे, लस काढणारा म्हातारा कास्तेल आहे, तारू, ग्रां, रांबेर, पानलू आहेत; कादंबरींतलीं सारीं मोठीं माणसें आहेत. नाहींत ते आईबाप. ह्या प्रसंगावर शेंकडों पानांची टीका झालेली आहे आणि ती जवळजवळ सगळी निरपराध बालकाच्या यातना व ईश्वराचा न्याय ह्यांवर आहे. खाटेपाशीं कोण *नव्हतें*, ह्याकडे कोणाचें फारसें लक्ष गेलें नाहीं. कामूचें मात्र गेलें होतें. कांहीं दिवसांनीं तारू क्रीडांगणावरील छावणी पाहावयास जातो, तेव्हां न्यायाधीश त्यास गांठून एवढेंच विचारतो, कीं माझ्या फिलिपला फार त्रास तर झाला नाहीं ना ? मुलाचें नांव त्याच्या तोंडून तारूनें पहिल्यानेंच ऐकलें. आणि रात्रभर त्या यातना पाहिलेला तारू त्यास सांगतो, नाहीं, तसा त्रास झाला नाहीं.

आमचे विद्यार्थी थांबतात तें हें पान. त्यांच्यापैकीं कोणाकोणास असलें उत्तर दूरध्वनीवरून मिळालेलें आहे.

कामूचें कौशल्य असें कीं, तो ह्याला तेथेंच सोडीत नाहीं. मुदत संपून सुटका झाल्यावर ओथोन आपण होऊन छावणींत कामाला परत जाऊं इच्छितो. तेथें असलों म्हणजे पोरापासून इतका तुटल्यासारखा वाटणार नाहीं, असें तो म्हणतो. जेथें त्यास जाऊं दिलें नाहीं त्या जागेच्या शक्य तितक्या जवळ जाऊन तो राहतो. उलट कादंबरीच्या शेवटीं शेवटीं तारूला रोग होतो, तेव्हां रियू स्वतःच नियम मोडतो. रोग्यास इस्पितळांत न पाठवितां तो आपल्या घरीं ठेवून घेतो. रियूची म्हातारी आई म्हणते कीं, राहूं दे त्याला येथेंच, मीं नुकतीच पुन्हां लस टोचून घेतली आहे. तारू मरतो तो त्या म्हातारीच्या नजरेसमोर. दुसऱ्या दिवशीं सकाळीं रियूला तार येते : डोंगरांतल्या क्षयरोग्यांच्या इस्पितळांत असलेली त्याची बायको आठ दिवसांपूर्वींच वारली. मित्राच्या उशाशीं तो बसला होता. बायकोच्या उशाशीं नव्हता. हीं तीन मरणें एकमेकांशेजारीं ठेवून पाहिलीं म्हणजे ओरानमधील जर्मन सैन्याची आठवण करण्याची गरज राहत नाहीं. आमच्या मतें ही कादंबरी रूपक म्हणून जितकी मोठी आहे, त्याहून अक्षरार्थानें मोठी आहे.

ह्या परदेशी ग्रंथांचा खल आपल्याकडील वाचकांपुढें कशाला, असें कोणी विचारील, तर त्याचें उत्तर आपल्याच शहरांच्या इतिहासांत आहे. मुंबईस १८९६ सालीं प्लेग उद्भवला, आणि २९ ऑक्टोबर रोजीं गिरणीकामगारांच्या जमावानें ऑर्थर रोडवरील इस्पितळावर चाल केली. इंग्रज अधिकाऱ्यांनीं ह्यास अडाणीपणा म्हटलें. परंतु लोकांचा समज साधा होता : माणूस तेथें गेलें म्हणजे पुन्हां दृष्टीस पडत नाहीं. १८९७ च्या फेब्रुवारींत साथींविषयींचा कायदा झाला, पुण्यांत गोऱ्या शिपायांनीं घरांत शिरून झडत्या घेतल्या, आणि जूनमध्यें रँडसाहेबांवर गोळी झाडली गेली. तें सर्व सर्वश्रुत आहे. कमी लक्षांत घेतलें जातें तें हें कीं, तोड निघाली ती शिपायांनीं नव्हे. मुंबईंत जातीजातींचीं निराळीं प्लेग-इस्पितळें निघालीं, पुण्यांत टिळकांनीं पुढाकार घेऊन हिंदु प्लेग-इस्पितळ उघडविलें. तेथें आपल्या माणसाजवळ आपलें माणूस येऊं शके, म्हणून लोक तेथें जाऊं लागले. आणि ह्यांत शास्त्राचा एक विनोदहि आहे. गाठीचा प्लेग मुख्यतः उंदरांच्या पिसवांमार्फत येतो, हें पॉल सिमाँ ह्या फ्रेंच डॉक्टरानें १८९८ सालीं कराचींत प्रयोगानें दाखविलें. म्हणजे गाठीच्या रोग्याच्या उशाशीं बसलेल्या आईला ज्या धोक्यासाठीं हुसकून लावलें, तो धोका तिच्या मांडीवरच्या डोक्यांत नसून छपरांतल्या उंदरांत होता ! फुफ्फुसाच्या प्लेगाची गोष्ट अर्थात् वेगळी. सावित्रीबाई फुल्यांनीं मुंढव्याच्या अस्पृश्य मानलेल्या वस्तींतील एक आजारी मूल स्वतः उचलून यशवंतरावांच्या दवाखान्यांत नेलें, त्या कामांत त्यांसच रोग जडला, व १० मार्च १८९७ रोजीं त्या वारल्या. थ्यूसिडिडीजनें सांगितलेल्या त्या 'भल्या लोकां'पैकीं ह्या एक.

मराठी कादंबरीनें ह्या सर्वांकडे पाहावें तसें पाहिलें नाहीं, हें आम्हांस खेदानें म्हणावें लागतें. १९१८ च्या इन्फ्लुएंझानें हिंदुस्थानांत कोटीच्या वर माणसें नेलीं. त्याचाहि ठसा आमच्या ललित वाङ्मयावर पुसट आहे. हिंदींत निरालांनीं 'कुल्ली भाट' (१९३९) ह्या पुस्तकांत बायकोच्या आजाराची तार मिळून आपण निघालों, पण पोंचण्यापूर्वींच ती गेली होती, ही हकीकत लिहून ठेवली आहे. आणि गंगेंत वाहणारीं प्रेतेंहि वर्णिलीं आहेत. उशीरा पोंचलेल्या माणसाचें तें लिहिणें आहे, आणि म्हणूनच तें खरें उतरलें आहे.

२०२० सालीं जें झालें तें मात्र ह्या सर्व ग्रंथांहून एका बाबतींत निराळें होतें. बोकाच्चिओच्या फ्लॉरेन्समध्यें आप्त पळाले. डीफोच्या लंडनमध्यें ते कोंडले गेले. डीफोचा नावाडी स्वतः दूर राहिला. ह्या वेळीं आप्त दारांत उभे होते, आंत जावयास तयार होते, आणि त्यांस जाऊं दिलें नाहीं. लंडनमध्यें मार्चच्या अखेरीस तेरा वर्षांचा एक मुलगा इस्पितळांत वारला. घरचें कोणी जवळ नव्हतें. ह्या बातमीनें इंग्लंड हादरलें, आणि १५ एप्रिल रोजीं तेथील आरोग्यमंत्र्यांस मरणाऱ्याचा निरोप घेतां यावा म्हणून नवे नियम जाहीर करावे लागले. पुढें १६ एप्रिल १९२१ नव्हे, तर थेट शंभर वर्षांनंतरच्या, २०२१ च्या १६ एप्रिलच्या रात्रीं पंतप्रधानांच्या कचेरींत मेजवान्या झडल्या, आणि दुसऱ्या दिवशीं राणी आपल्या पतीच्या अंत्यविधीस बांकावर एकटी बसली. हें उघडकीस आल्यावर जो क्षोभ उसळला, त्याचें मूळ मद्याच्या पेल्यांत नव्हतें. ज्या नियमासाठीं लोकांनीं आईबापांस एकटें मरूं दिलें, तो नियम करणारांस तितका पवित्र वाटत नव्हता, हें त्याचें मूळ होतें.

आपल्याकडे केंद्रसरकारनें १५ मार्च २०२० रोजीं प्रेतांविषयीं सूचना काढल्या. त्यांत पिशवीची सांखळी उघडून मुखदर्शन घेऊं द्यावें, स्पर्श न करतां धर्मग्रंथांचें वाचन करावें, पवित्र जल शिंपडावें, असें सर्व बारकाईनें सांगितलें आहे. म्हणजे प्राण गेल्यावर पाणी शिंपडण्याची सोय प्रथम झाली. जिवंत रोग्याच्या आप्ताविषयींचा सर्वोच्च न्यायालयाचा हुकूम आला तो १९ जूनचा : एका राजीखुशीच्या नातेवाईकास इस्पितळाच्या आवारांत, त्यासाठीं राखून ठेवलेल्या जागेंत, थांबूं द्यावें. हुकूम दयाळू होता ह्यांत शंका नाहीं; पण शब्द तोलून पाहावेत. आवारांत, खाटेपाशीं नव्हे. डीफोच्या नावाड्याला दगड होता, तसें ह्या नातेवाईकाला बांक मिळालें. फरक एवढाच कीं, दगडावरून हांक ऐकूं जात असे.

हांकेचें काम दूरध्वनीनें केलें, असें म्हणतात. प्लॅस्टिकच्या पिशवींत घातलेलें यंत्र परिचारिकेनें रोग्याच्या चेहऱ्यापुढें धरावें आणि पलीकडून घरच्यांनीं बोलावें, ही रीत जगभर पडली. ज्या परिचारिकांनीं शेंकडो वेळां हें केलें त्यांचें ऋण मोठें आहे. परंतु चेहरा दिसला म्हणजे जवळ असणें झालें, असें मानणें ही दिशाभूल होय. नळी घातलेला माणूस बोलूं शकत नाहीं. तो हात दाबूं शकतो. मरणाऱ्याच्या उशाशीं बसलेलें माणूस बोलत असतें तें थोडें. ओठ ओले करतें, पांघरूण सारखें करतें, श्वास मोजतें, रात्रीं मधेंच उठून दिवा मोठा करतें. ह्यांतलें एकहि काम तारेवरून होत नाहीं.

वैद्यांचा पक्ष आम्ही हलका लेखीत नाहीं. पहिल्या महिन्यांत अंगरखे व मुखवटे डॉक्टरांसच पुरत नव्हते. रोग हवेंतून पसरतो कीं स्पर्शानें, ह्याचा निकाल लागलेला नव्हता. आणि वार्डांत शिरलेला म्हातारा बाप उद्यां शेजारच्या खाटेवर पडण्याची भीति खरी होती. त्या दिवसांत ज्यानें दार बंद केलें त्याला आम्ही निष्ठुर म्हणणार नाहीं. प्रश्न त्यापुढचा आहे. कांहीं महिन्यांतच रोगांतून उठलेलीं लक्षावधि माणसें घरोघर होतीं. जानेवारी २०२१ मध्यें आपल्याकडे लस आली. मुखवट्यांचे ढीग पडले. थ्यूसिडिडीजची तिसरी वाट उघडी झाली होती. रियूच्या आईनें जें कारण सांगितलें तेंच हजारों आया सांगूं शकत होत्या. दार मात्र बहुतेक ठिकाणीं बंदच राहिलें, कारण तें बंद ठेवण्याची संवय लागली होती. आणि २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हां रोग सर्वांत भयंकर होता, तेव्हां कित्येक सरकारी इस्पितळांतून नोकरमाणसें अपुरीं पडतांच तेच नातेवाईक आंत आले, प्राणवायूच्या नळकांड्या खांद्यावरून वाहूं लागले, कूस बदलूं लागले, पाणी पाजूं लागले. त्या वेळीं त्यांस कोणी अडविलें नाहीं. तेव्हां आप्ताची जवळीक ही सोय म्हणून चालत होती. हक्क म्हणून चालत नव्हती.

मधला मार्ग अशक्य होता, असेंहि नाहीं. इबोलासारख्या कितीतरी अधिक मारक रोगाच्या साथींत, २०१८ सालीं काँगोमध्यें, पारदर्शक भिंतींच्या खोल्या उभारून रोग्याचे आप्त अगदीं खाटेजवळ येतील अशी व्यवस्था केली गेली होती. अमेरिकेच्या फ्लॉरिडा राज्यानें २०२२ मध्यें मरणाऱ्याच्या भेटीचा हक्क कायद्यांत घातला. जें काँगोच्या छावणींत साधलें तें मोठमोठ्या शहरांच्या इस्पितळांस साधूं नये, ह्याचें कारण पैशांत शोधण्यांत अर्थ नाहीं. उशाशीं बसणें हा उपचाराचा भाग आहे असें ज्यांनीं मानलें त्यांनीं भिंत कांचेची केली. ज्यांनीं तें केवळ सांत्वन मानलें त्यांनीं तें पुढें ढकललें.

वाङ्मयाच्या बाजूनें एक गोष्ट सांगावयाची राहिली. थ्यूसिडिडीज हा बरा झालेला रोगी आहे; डीफोचा वक्ता शहरांत फिरणारा प्रेक्षक आहे; कामूचा निवेदक डॉक्टर आहे. ह्या सर्वांना आंत प्रवेश होता. दाराबाहेर ठेवलेल्या माणसानें सांगितलेला साथीचा मोठा ग्रंथ ह्या परंपरेंत नाहीं. न्यायाधीश ओथोन एक प्रश्न विचारतो आणि त्याचें तोंड मिटतें. राखून ठेवलेल्या त्या जागेंत, बांकावर, मांडीवर घरच्या डब्याची पिशवी घेऊन आठ आठ दिवस बसलेलीं माणसें महाराष्ट्राच्या प्रत्येक जिल्ह्यांत आहेत, आणि तीं मराठी बोलतात. डबा आंत गेला कीं नाहीं, गेला असल्यास कोणीं भरविला, हें त्यांपैकीं पुष्कळांस आजतागायत कळलेलें नाहीं. त्यांच्यापैकीं कोणी लिहील तेव्हां त्या ग्रंथास रूपकाची गरज पडणार नाहीं, आणि ओरानचीहि नाहीं.